प्रकाशाचा वेग: मोजमापाकडून ठरावाकडे

निर्वातात प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो. या आकड्यापुढे दशांशचिन्ह नाही, कारण १९८३ पासून तो मोजला जात नाही, ठरवून दिलेला आहे.

प्रकाशाला वेग असतो हे १६७६ मध्ये गुरूच्या एका उपग्रहाच्या ग्रहणांवरून कळले, आणि १८४९ मध्ये फिरत्या दातेरी चाकाने तो जमिनीवर मोजता आला. खरी गंमत १८५६ ची. लायडन बरणीतला (विद्युतभार साठवणाऱ्या काचेच्या बरणीतला) भार विद्युत आणि चुंबकीय अशा दोन वेगळ्या रीतींनी मोजला, तेव्हा दोन मापांच्या गुणोत्तरातून, प्रयोगात प्रकाश कुठेही नसताना सेकंदाला सुमारे ३,१०,००० किलोमीटर हा वेग हाती लागला. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे, या पुढच्या दशकातल्या सिद्धांताला त्याच आकड्याचा आधार मिळाला. १८८८ पर्यंत अशा लहरी प्रयोगशाळेतही निर्माण झाल्या.

वाद पेटला तो मीटरवरून. १९६० मध्ये धातूची प्रमाणपट्टी जाऊन क्रिप्टॉन-८६ या वायूच्या वर्णपटातल्या नारिंगी रेषेच्या, म्हणजे त्याने सोडलेल्या एका ठराविक रंगाच्या प्रकाशाच्या, १६,५०,७६३.७३ तरंगलांबी म्हणजे एक मीटर, असे ठरले होते. १९७२ मध्ये लेसरची वारंवारता आणि तरंगलांबी दोन्ही मोजून प्रकाशाचा वेग काढला गेला. त्यात सेकंदाला सुमारे एक मीटरची अनिश्चितता उरली, आणि तिचा मोठा वाटा खुद्द मीटरचाच होता! क्रिप्टॉनची रेषा नेमक्या एकाच तरंगलांबीची नसून थोडी पसरलेली, आणि तो पसारा किंचित एका बाजूला कललेला निघाला. तरंगलांबी रेषेच्या सर्वात तेजस्वी शिखराशी धरायची की पसाऱ्याच्या गुरुत्वमध्याशी, याबद्दल व्याख्या गप्प होती.

एखाद्या लेसरची तरंगलांबी प्रमाण मानणे हा एक मार्ग होता. पण अधिक स्थिर लेसर आला की व्याख्या पुन्हा बदलावी लागली असती. म्हणून वेगच गोठवला आणि मीटर त्याच्यावरून काढला. निसर्गाचा गुणधर्म ठरावाने कसा ठरतो, हा आक्षेप मला तरी चुकीच्या जागी घेतलेला वाटतो. ठरावाने मीटर बांधला गेला, प्रकाश नव्हे. आता वेग मोजायला बसलात तर तपासली जाते ती तुमची मोजपट्टी. सरळ ३० कोटी का धरले नाहीत? मीटर सुमारे ०.७ मिलिमीटरने आखूड झाला असता आणि जगातली सगळी मोजमापे बिघडली असती.

२०१९ चा बदल मात्र फारशा चर्चेविना पार पडला. विद्युतप्रवाहाच्या एककाची, अँपिअरची, व्याख्या बदलली आणि निर्वाताची चुंबकीय पार्यता (प्रवाहामुळे निर्वातात किती चुंबकक्षेत्र तयार होते ते सांगणारी राशी), जी १९४८ पासून नेमकी धरलेली होती, पुन्हा प्रयोगाने मोजायची राशी झाली. वेग गोठलेलाच असल्याने पार्यतेशी जोडलेला विद्युत स्थिरांकही (निर्वातातल्या विद्युतक्षेत्रासाठीची तशीच राशी) मोजमापाच्या यादीत गेला. पार्यतेच्या जुन्या आणि नव्या मूल्यांत आज एक अब्जांशाइतकाही फरक नाही.