चहाला वास लागतो तेव्हा

मोगऱ्याचा चहा कपात ओता आणि पहिला घोट घेण्याआधी नाक चिमटीत घट्ट धरा. घोट तोंडात घोळवा. जिभेला कळेल ते एवढंच: गरम आहे, जरासा कडू आहे, हिरड्यांपाशी तुरटपणा आहे. मोगऱ्याचा पत्ता नाही. आता घोट गिळा आणि नाक सोडा. त्याच क्षणी तोंडभर मोगरा दरवळतो. खरं तर तो तोंडात नसतो, नाकात असतो. गिळताना घशातून वर जाणारा उच्छ्वास चहातले सुगंधी रेणू मागच्या दाराने नाकाच्या छताशी पोचवतो आणि मेंदू त्या वासाची नोंद 'चव' म्हणून करतो.

गेली काही वर्षं मी हौसेने वेगवेगळे सुगंधी चहा चाखते आहे आणि चहाची आवड असलेल्या प्रत्येकाला हा प्रयोग करायला लावते. जिभेची मजल गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूममध्ये लागते ती रुचकर चव) या पाच चवींपर्यंतच. नाकात मात्र वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही रेणू असतात. त्यांची जनुकं शोधून काढणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना २००४ चं नोबेल मिळालं. एकेक वास अनेक ग्राहींना कमीजास्त प्रमाणात जागं करतो, त्यामुळे जुळण्या अगणित होतात. तुरटपणाची गोष्ट आणखी वेगळी. आपल्या षड्रसांत त्याला मानाचं स्थान आहे, पण शरीरशास्त्र त्याला मुख्यतः स्पर्श मानतं. चहातली पॉलिफेनॉल्स नावाची द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचं वंगण कमी होतं आणि जीभ टाळूवर खरखरते. सुपारी किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर होतं तेच.

कोलकाता, गुवाहाटीच्या लिलावांसाठी चहा पारखणारे टेस्टर चमच्यातला चहा मोठा आवाज करून ओढतात. त्या भुरक्याने द्रवाचे बारीक तुषार होतात आणि वास झटकन नाकाकडे जातो. बशीत ओतून फुर्रकन चहा पिणाऱ्या आपल्या आजीआजोबांना उगाच हटकलं जायचं. बशीत चहा जीभ न भाजण्याइतका निवायचा आणि भुरक्याने त्याचा वास पुरेपूर मिळायचा. सुगंधी चहा चाखायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

बाहेरून वास देण्याआधी चहाच्या पानाचा स्वतःचा वास कुठून येतो ते बघायला हवं. झुडपावरचं ताजं पान चुरडलं तर हिरवट वास येतो, चहाचा नाही. लिनालूल, जिरॅनिऑल यांसारखे फुलांच्या वासाचे रेणू पानात असतात, पण त्यातले बरेचसे शर्करेच्या रेणूंना बांधलेले असतात. असे बांधलेले रेणू जड असतात, हवेत उडत नाहीत, म्हणून नाकाला कळत नाहीत. पान सुकवून वळलं की पेशी फुटतात, एरवी वेगळी राहणारी विकरं या जोड्यांपर्यंत पोचतात, शर्करा तोडतात आणि वास मोकळा होतो. साध्या काळ्या चहालाही मंद फुलांचा वास असतो तो यामुळे.

दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराच्या चहाला, म्हणजे साधारण मे-जूनमध्ये खुडलेल्या चहाला, पिकल्या द्राक्षांसारखा वास येतो. त्याला मस्कटेल म्हणतात. त्यात वरून काहीही घातलेलं नसतं. आपल्या कापसावर आणि आंब्यावर पडतात तसेच तुडतुडे चहाच्या कोवळ्या पानांतला रस शोषतात. जखमी पान बचावासाठी जे रेणू बनवतं, त्यातून हा वास येतो. तैवानमध्ये 'ओरिएंटल ब्यूटी' नावाचा ऊलाँग, म्हणजे अर्धवट आंबवलेला, चहा सर्वस्वी याच किडीवर अवलंबून आहे. तुडतुडे नाहीत तर तो चहा नाही, म्हणून तिथले शेतकरी त्या मळ्यांत कीटकनाशक टाळतात. तुडतुडे दिसले की फवारणी, एवढंच आपण लहानपणापासून ऐकलेलं. इथे मात्र त्यांची वाट पाहिली जाते. हा चहा पिताना मला दर वेळी त्या किडीचं कौतुक वाटतं.

वरून वास दिलेल्या चहांमध्ये जगात सगळ्यात ओळखीचा अर्ल ग्रे. काळ्या चहावर बर्गमोट नावाच्या लिंबूवर्गी फळाच्या सालीचं तेल फवारलेलं असतं. हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिण टोकाला, कॅलाब्रियात, रेज्जोच्या किनारपट्टीवर पिकतं. चहाला नाव मिळालं ते १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या चार्ल्स ग्रे यांचं. एका चिनी मंडारिनाने, म्हणजे दरबारी अधिकाऱ्याने, त्यांना ही कृती भेट दिल्याची कथा सांगतात, पण तिला आधार नाही. रसायनशास्त्र मात्र भक्कम आहे. बर्गमोटच्या तेलात लिमोनीन, लिनालिल अ‍ॅसिटेट आणि लिनालूल भरपूर असतं. त्यातलं लिनालूल चहाच्या पानातही असतं. म्हणून मला वाटतं, बर्गमोट चहावर चढून बसल्यासारखं वाटत नाही, त्याच्यात मिसळून जातं. लिनालूलचा शुद्ध वास घ्यायचा असेल तर घरातले धणे कुटून हुंगा. धण्यांच्या तेलात सर्वात मोठा वाटा त्याचाच असतो. धणे हुंगून लगेच अर्ल ग्रेचा घोट घेतला की ओळख पटते.

याच बर्गमोटच्या तेलात बर्गाप्टेन नावाचं एक द्रव्य असतं. २००२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका ४४ वर्षांच्या माणसाची नोंद आली होती. तो दिवसाला ४ लिटरपर्यंत अर्ल ग्रे प्यायचा आणि त्याच्या स्नायूंत गोळे यायचे. साधा काळा चहा सुरू केल्यावर त्रास थांबला. संशय बर्गाप्टेनवर होता. दोन-तीन कपांनी काही होत नाही, घाबरायचं कारण नाही. पण सुगंध म्हणजे नुसती हवा नव्हे, तीही रसायनंच आहेत, हे ही नोंद दाखवून देते.

आता माझ्या सर्वात लाडक्या चहाकडे येते. चीनच्या फुजियान प्रांतातल्या फुचौ शहराचा जास्मिन टी म्हणजे आपल्या मोगऱ्याचाच चहा. वनस्पती तीच, जॅस्मिनम सॅम्बॅक, दक्षिण आशियातून तिकडे गेलेली. फुचौच्या या मोगरा-चहा शेतीला २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. हा वास पानात शिरतो कसा हे कळलं की कपाची किंमत जास्त वाटेनाशी होते.

मोगऱ्याच्या कळीत वास तयार साठवलेला नसतो. संध्याकाळनंतर कळी उमलते, तसतसे सुगंधी रेणू तयार होतात आणि लगेच हवेत जातात. कळ्या वाळवून चहात मिसळल्या तर हाती फारसं काही लागत नाही. म्हणून सगळा खेळ रात्रीचा. उन्हाळ्यातल्या कडक उन्हाच्या दिवशी दुपारी टपोऱ्या, पण मिटलेल्या कळ्या खुडतात. संध्याकाळी त्या उमलू लागल्या की तयार हिरव्या चहात मिसळून ढीग करतात. चहा कोरडा, सच्छिद्र, त्यात पाण्याचा अंश जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. आजूबाजूचा ओलावा आणि वास दोन्ही तो ओढून घेतो. हिंगाच्या डबीशेजारी चहाचा डबा ठेवलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही.

पण फुलं जिवंत असतात, श्वसन करत असतात. काही तासांत ढीग आतून तापतो, ४० अंशांच्या आसपास किंवा वर जातो. तसाच राहिला तर फुलं शिजतात आणि चहाला कोमेजल्या गजऱ्याचा वास लागतो. म्हणून मध्यरात्री उठून ढीग पसरायचा, निववायचा, पुन्हा रचायचा. कधी पसरायचं हे कारागीर ढिगात हात घालून ठरवतात. पहाटे सुकलेली फुलं चाळून बाहेर. चहा आता ओलसर झालेला असतो, टिकणार नाही, म्हणून तो भट्टीवर सुकवायचा. त्या उष्णतेने रात्री मिळवलेला थोडा वास उडून जातो. मग पुन्हा ताजी फुलं, पुन्हा एक रात्र. चांगल्या प्रतीच्या चहाला असे पाच-सात हात देतात आणि सगळ्या हातांत मिळून लागलेल्या फुलांचं वजन चहाच्या वजनाहून जास्त भरतं. पाकिटात मोगऱ्याच्या पांढऱ्या पाकळ्या दिसल्या म्हणून चहा चांगला असं समजू नये. बहुतेक उत्तम चहांतून फुलं काढून टाकलेली असतात, दिसणाऱ्या पाकळ्या बऱ्याचदा नुसत्या शोभेच्या.

मोगऱ्याच्या वासात लिनालूल आहे, बेंझिल अ‍ॅसिटेट आहे आणि किंचित इंडोलही आहे. इंडोल एकटं, दाट घेतलं तर त्याचा वास विष्ठेसारखा येतो. अगदी विरळ प्रमाणात तेच मोगऱ्याला त्याचा भारदस्त, जड गोडवा देतं. स्वस्त कृत्रिम मोगऱ्यात हा तळ नसतो. वास टोकदार, एकसुरी वाटतो, साबणाची आठवण होते. आणखी एक खूण म्हणजे दुसरं पाणी. फवारलेल्या तेलाचा चहा पहिल्याच कपात सगळं देऊन टाकतो, त्याच पानांवर पुन्हा गरम पाणी घातलं तर मागे साधा चहा उरतो. रात्र-रात्र फुलांत ठेवलेला चहा दुसऱ्या, तिसऱ्या पाण्यालाही मोगरा सोडत राहतो. हा माझ्या नाकाचा अनुभव आहे, प्रयोगशाळेचा दाखला नव्हे. पण चहा विकत घेताना आता मी त्याच्यावरच विसंबते. पाणी मात्र उकळतं नको. ८० अंशांच्या आसपास ठेवलं तर कडवटपणा कमी उतरतो आणि वासाला जागा मिळते.

फुजियानच्याच वुयी डोंगरांतल्या तोंगमू गावात चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात. हा लापसांग सुचाँग. धुरातल्या ग्वायकोलसारख्या द्रव्यांनी त्याला तो वास येतो. माझ्या आईला पहिल्या घोटाला पाणी तापवायचा बंब आठवला आणि तिने कप बाजूला ठेवला. मला तो पावसाळ्यात, खारवलेल्या शेंगदाण्यांबरोबर आवडतो. पण रोज नाही.

चहात दुसरं काही घालावं का, हा वाद फार जुना आहे. आठव्या शतकात चहावर लिहिणाऱ्या लू यू यांनी आलं, संत्र्याची साल, पुदिना, कांद्याची पात घालून उकळलेल्या चहाला गटारात फेकायचं पाणी म्हटलं होतं. त्यांचा आदर राखूनही आल्याच्या बाबतीत मी त्यांच्याशी सहमत नाही. हिरव्या, नाजूक चहाला आलं मारून टाकतं हे खरं. पण आपला सीटीसी, म्हणजे दाणेदार, चहा कडक, त्यात दूध. दुधातलं केसिन हे प्रथिन पॉलिफेनॉल्सना धरून ठेवतं, तुरटपणा उतरतो. दुधाची स्निग्धता सुगंधी रेणूंनाही अडकवते. त्यामुळे दुधाच्या चहात मोगरा किंवा बर्गमोट क्षीण होतं. तिथे आलंच टिकतं, कारण आल्याचा तिखटपणा वास नव्हेच. आल्यातलं जिंजरॉल उष्णता आणि वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. मिरचीही तेच दार ठोठावते. नाक धरून आल्याचा चहा प्यायलात तरी घसा गरम होतो.

आल्याचा तिखटपणा वाफेबरोबर फारसा उडत नाही, म्हणून आलं सुरुवातीलाच पाण्यात घालून चांगलं उकळावं. त्याचा दुसरा फायदाही आहे. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं, त्याने दूध फाटू शकतं. उकळीने ते निकामी होतं. वेलची उलट. तिचा वास सिनिओल आणि टर्पिनिल अ‍ॅसिटेट या उडून जाणाऱ्या द्रव्यांचा. ती आधी घातली तर सगळं स्वयंपाकघर घमघमतं आणि कप कोरडा राहतो. गॅस बंद करताना कुटून घालावी आणि झाकण ठेवावं. गवती चहाच्या पातीतलं सिट्रालही असंच उडतं. पाती कापून नव्हे, पिळून गाठ मारून घातली की पेशी चेचल्या जातात आणि झाकणाखाली मिनिटभरात काम होतं.

दारात मोगरा असेल तर चैत्र-वैशाखात घरीही करून पाहता येईल. बाजारचा गजरा नको, त्यावर काय फवारलंय कळत नाही. संध्याकाळी उमलू लागलेल्या कळ्या देठ काढून कोरड्या स्टीलच्या डब्यात साध्या पानांच्या हिरव्या चहात थरांनी रचा. झाकण हलकं ठेवा. झोपायच्या आधी एकदा डबा पालथा-सुलथा करून हवा द्या. सकाळी फुलं तपकिरी व्हायच्या आत वेचून काढा. चहा हाताला मऊ लागेल. जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर, सतत हलवत, पान चुरचुरीत होईपर्यंत सुकवा. वाफेतून मोगरा उडताना कळेल, पण घाई करू नका, ओला राहिला तर बुरशी धरेल. दुसऱ्या संध्याकाळी ताज्या कळ्या घेऊन पुन्हा तेच. मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि मसाल्यांच्या फळीपासून लांब ठेवा.