गरोदरपणातील हिरड्यांचे विकार आणि उच्च रक्तदाब

गरोदरपणाचे २० आठवडे उलटल्यावर रक्तदाब प्रथमच १४०/९० किंवा त्याहून अधिक भरू लागला, तर त्याला गर्भारपणातील उच्च रक्तदाब म्हणतात. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिने जाऊ लागली किंवा यकृत, मूत्रपिंड, रक्तातील प्लेटलेट यांवर परिणाम दिसला, की ती अवस्था प्री-एक्लॅम्प्सिया ठरते. पुढे झटके आले तर एक्लॅम्प्सिया. त्यात आई आणि बाळ दोघांचाही जीव धोक्यात येतो. या आजारांचा हिरड्यांशी काय संबंध, हा प्रश्न प्रसूतितज्ज्ञ आणि दंतवैद्य दोघांनाही पडलेला आहे.

गर्भारपणात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके वाढल्यामुळे हिरड्यांतील रक्तवाहिन्या फुगतात आणि दातांवर साचलेल्या जीवाणूंच्या थराने त्या लवकर सुजतात. निम्म्याहून अधिक गर्भवतींना ब्रश करताना रक्त येण्याचा अनुभव येतो. काहींना दोन दातांमध्ये लाल, मऊ गाठ येते. ती कर्करोगाची नसते, बहुधा बाळंतपणानंतर ओसरते. बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, हा समज मात्र चुकीचा आहे. बाळाला ते आहारातून मिळते, कमी पडले तर आईच्या हाडांतून, दातांतून नाही. दात झिजतात ते उलटीतल्या आम्लाने, आणि किडतात ते वरचेवर गोड खाण्याने व मळमळीपायी ब्रश टाळल्याने. उलटी झाल्यावर लगेच दात घासू नयेत. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा.

सूज खोलवर जाऊन दाताभोवतीचे हाड झिजू लागले, की त्याला पायोरिया म्हणतात. पायोरिया असलेल्या गर्भवतींमध्ये प्री-एक्लॅम्प्सियाचे प्रमाण अधिक असल्याचे २००३ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात दिसले, नंतरच्या अनेक अभ्यासांतही दिसले. हिरड्यांतील जीवाणू व दाहकारक द्रव्ये रक्तात मिसळून रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला आणि वारेला इजा करत असावीत, असा तर्क आहे. पण २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ८०० हून अधिक गर्भवतींच्या चाचणीत हिरड्यांवर उपचार केल्याने हिरड्या सुधारल्या, तरी अकाली प्रसूती कमी झाल्या नाहीत. दात साफ केल्याने प्री-एक्लॅम्प्सिया टळतो, हेही सिद्ध झालेले नाही. त्यामुळे ‘दात साफ करा, बीपी वाढणार नाही’ असे आश्वासन कोणी देऊ नये. मात्र त्याच चाचणीने उपचार गर्भारपणात सुरक्षित असल्याचे दाखवले, आणि हे निष्कर्षही तेवढेच मोलाचे आहेत.

रक्तदाबाच्या औषधांचा परिणाम तोंडात उमटतो, याकडे फारसे लक्ष जात नाही. गर्भवतींना नेहमी दिल्या जाणाऱ्या निफेडिपिनने काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. कीटण साचलेले असेल तर अधिकच. मिथाइलडोपाने तोंड कोरडे पडू शकते. तरी गोळी आपल्या मनाने बंद करणे घातक आहे. डॉक्टरांना हिरड्या दाखवाव्यात.

महाराष्ट्रात या विषयाला मिश्रीची जोड आहे. भाजलेल्या तंबाखूची ही पूड अनेक स्त्रिया दात घासण्यासाठी म्हणून वापरतात आणि सवय लागली की दिवसातून कितीतरी वेळा हिरड्यांना लावतात. निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जाते, नाडी व रक्तदाब वाढवते. मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मिश्रीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी बाई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. मिश्रीचे नाव घेऊनच विचारावे लागते.

दातांचे उपचार बाळंतपणापर्यंत पुढे ढकलू नयेत. चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा. दुखणे तीव्र असेल तर केव्हाही. लिडोकेनची भूल चालते. खुर्चीवर थोडे डाव्या कुशीला वळवून बसवतात, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. २० आठवड्यांनंतर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके टाळतात, पॅरासिटामॉल देतात. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने बाळाच्या दातांवर डाग पडतात, म्हणून ते देत नाहीत.

बाळंतपण झाले म्हणजे धोका टळला, असे नाही. रक्तदाब प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वाधिक चढतो, तोवर बहुतेक जणी घरी गेलेल्या असतात. प्री-एक्लॅम्प्सिया सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो. ज्यांना तो होऊन गेला त्यांना पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. याच सव्वा महिन्यात डिंकाचे, अळिवाचे लाडू दातांना चिकटत असतात आणि रात्रीच्या जागरणात ब्रश राहून जातो. दाढ दुखते, डोकेही ठणकते, आणि सगळे त्या दाढेवर किंवा जागरणावर ढकलले जाते. बाळंतिणीचे डोके जोरात दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखले किंवा चेहरा अचानक सुजला, तर दाढ दुखत असली तरी आधी रक्तदाब मोजावा, आणि १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.