खडेमिठाची वाटी आणि समुपदेशकाचा मेंदू

नाशकात गंगापूर रोडवर माझ्या एका मैत्रिणीचं समुपदेशन केंद्र आहे. केंद्र म्हणजे एक खोली. दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, आणि मागच्या श्रावणात गेलो तेव्हा खिडकीत काचेच्या वाटीत खडेमीठ. मिठाला पाणी सुटलं होतं. दिवसभर लोक रडून जातात, त्यांची निगेटिव्ह एनर्जी खोलीत साचते आणि मीठ ती ओढून घेतं, असं तिला कुणीतरी पटवून दिलं होतं. पुरावा? ते पाणी. मला हसू आलं. ती म्हणाली, "हस तू. पण संध्याकाळी माझं अंग खरंच मोडून येतं रे."

मिठाचं आधी उरकतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की साधं मीठ बाष्प ओढून विरघळू लागतं. खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतच ओलं होतं. श्रावणातल्या नाशकात रिकाम्या खोलीत वाटी ठेवा, पाणी सुटेल. एप्रिलच्या दुपारी ठेवा. अख्खं पंचवटी येऊन रडलं तरी वाटी कोरडी.

अंग मोडून येणं मात्र खोटं नाही, आणि त्याची गोष्ट मिठापेक्षा कितीतरी रंजक आहे.

२००४ साली लंडनमध्ये चेताशास्त्रज्ञ (मेंदूचा अभ्यास करणाऱ्या) तानिया सिंगर आणि सहकाऱ्यांनी १६ जोडप्यांवर एक प्रयोग केला. बाई मेंदूच्या स्कॅनरमध्ये, जोडीदार शेजारी बसलेला, दोघांच्या हाताला इलेक्ट्रोड. विजेचा चटका कधी तिला, कधी त्याला. त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता. आता पाळी कुणाची, हे पडद्यावरच्या खुणेवरून कळायचं. वेदनेचे मेंदूत ढोबळमानाने दोन हिशेब होतात. कुठे दुखतंय आणि किती, हा एक. ते किती नकोसं वाटतंय, हा दुसरा. स्वतःला चटका बसला तेव्हा तिच्या मेंदूत दोन्ही हिशेब सुरू झाले. त्याला बसला तेव्हा फक्त दुसरा. म्हणजे वेदनेचा पत्ता नाही, पण त्रास पोचलेला.

हा दुसरा हिशेब सांभाळणाऱ्या भागांपैकी माझा लाडका म्हणजे इन्शुला. कानाच्या वर, मेंदूच्या घडीत दडलेला, बाहेरून न दिसणारा. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, श्वास, त्वचेचं तापमान या सगळ्याच्या खबरा मज्जारज्जूतून आणि व्हेगस या मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या चेतातंतूतून निघतात, थॅलॅमस या मेंदूतल्या टपाल कचेरीमार्गे इन्शुलाच्या मागच्या भागात उतरतात. तिथून त्या पुढे सरकतात आणि अग्रभागात पोचेपर्यंत त्यांत प्रसंग, आठवण, अपेक्षा मिसळत जातात. शेवटी जे तयार होतं ते म्हणजे 'मला आत्ता कसं वाटतंय'. सिंगरच्या प्रयोगात जोडीदाराच्या चटक्याने पेटला तो हाच अग्रभाग. दुसऱ्याचं दुःख मेंदू स्वतःच्या शरीराच्या खातेवहीत लिहितो. दुसऱ्याचं ऐकून आपल्या 'पोटात तुटतं', हे मराठीला स्कॅनरच्या आधीपासून ठाऊक आहे. दिवसाला सहा सेशन म्हणजे या खातेवहीत सहा परक्या नोंदी.

(इथे कुणीतरी 'मिरर न्यूरॉन' म्हणेलच, म्हणजे स्वतः हालचाल करताना आणि दुसऱ्याची तीच हालचाल पाहतानाही जाग्या होणाऱ्या पेशी. ते १९९०च्या दशकात इटलीत पार्मा इथे माकडांच्या मेंदूत, हातांच्या हालचालींच्या संदर्भात सापडले. तिथून उडी मारून सहानुभूती, संस्कार, सेल्समनशिप सगळं त्यांच्या गळ्यात बांधणारे वक्ते मला मिठाच्या वाटीहून फार वेगळे वाटत नाहीत.)

मग समुपदेशकाने करायचं काय, दगड व्हायचं? नाही. सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी पुढे लोकांना दोन वेगवेगळी प्रशिक्षणं दिली. दुसऱ्याच्या वेदनेशी फक्त समरस व्हायला शिकवलं, तेव्हा दुःखाचे व्हिडिओ पाहताना लोकांना जास्त वाईट वाटू लागलं. त्यानंतर करुणा शिकवली, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं ही ऊब, तेव्हा मेंदूतलं वेगळंच जाळं जागं झालं आणि बरं वाटणं वाढलं. थकवते ती समरसता.

पण करुणेची ऊब एकट्याने किती पुरवायची? आता दुसरा प्रयोग, त्यातही १६ बायका आणि विजेचा चटका. चेताशास्त्रज्ञांना दुसरं काही सुचत नाही. २००६ साली अमेरिकेत जेम्स कोन यांनी विवाहित स्त्रियांना स्कॅनरमध्ये ठेवून 'चटका बसू शकतो' अशी खूण दाखवली. कधी हात मोकळा, कधी अनोळखी माणसाच्या हातात, कधी नवऱ्याच्या. नवऱ्याच्या हाताने मेंदूतली खळबळ सर्वांत कमी झाली, परक्याच्या हाताने थोडी. आणि ज्यांचा संसार सुखाचा, त्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये (मेंदूच्या तळाशी असलेल्या, संप्रेरकांवर ताबा ठेवणाऱ्या भागात) आणि उजव्या अग्र-इन्शुलात ती आणखी कमी. हायपोथॅलॅमस शांत, तर तिथून पिट्युटरी आणि अॅड्रिनल या ग्रंथी, मग कॉर्टिसॉल हे संप्रेरक, अशी तणावाची साखळीही ढिली. नवऱ्याच्या हातावरून समुपदेशकांनी एकमेकांना द्यायच्या आधारावर उडी मारणं धाडसाचं आहे, कबूल. तरी ओळखीचा, भरवशाचा माणूस जवळ असण्याने मेंदूला फरक पडतो, एवढं यातून नक्की घ्यावं.

अडचण अशी की बँकेतला माणूस घरी येऊन साहेबाला शिव्या देऊ शकतो, समुपदेशकाला तोंड उघडता येत नाही. गोपनीयता २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातच आहे. व्यवसायही एकट्याचा.

मैत्रिणीने गावातल्याच चौघांना गाठलं. आता महिन्यातून एका रविवारी पाच जण तिच्या त्याच खोलीत जमतात, दोन खुर्च्या, तीन सतरंजीवर. पद्धत घेतली मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांची. १९५०च्या दशकात लंडनमध्ये त्यांनी डॉक्टरांचे असे गट चालवले होते. एकाने कागद न बघता एक केस सांगायची, मग खुर्ची मागे ओढून गप्प बसायचं. बाकीच्यांनी सल्ला द्यायचा नाही. ऐकताना आपल्या मनात काय उमटलं तेवढंच बोलायचं. वेळ बांधलेली. ही शिस्त हवीच, कारण मैत्रिणींनी तेच ते दुःख पुन्हापुन्हा उगाळलं तर कॉर्टिसॉल वाढतं, असंही संशोधन आहे.

मला एकदा इन्शुलावर बोलायला बोलावलं होतं. पंधराव्या मिनिटाला थॅलॅमसपाशी सगळ्यांचे डोळे मिटू लागले.

गटाची खरी डोकेदुखी वेगळीच आहे. नाशिक एवढं मोठं झालं, तरी कॉलेज रोडवर कोण कुणाचं कोण हे सगळ्यांना माहीत. नाव सांगायचं नाही, वय बदलायचं, धंदा बदलायचा, तरी कुणीतरी ओळखतंच. म्हणून नियम केला: ज्याला ओळख पटेल त्याने काही न बोलता उठून बाहेर जायचं. गेल्या खेपेला केस सुरू होऊन दोन मिनिटं झाली नाहीत तोच पाचातले दोघं उठले आणि तासभर जिन्यात चहा पीत बसले.