रानातले सुरीकाम

रानात मुक्काम करताना सुरीने लाकूड-बांबू तासणे, फाडणे, त्याला खाचा पाडणे या कसबाला सुरीकाम म्हणतात. शेकोटीसाठी कीस काढणे, तंबूच्या खुंट्या करणे, टोप टांगायला आकडा घडवणे ही त्यातली नेहमीची कामे. ठाण्याजवळ येऊरच्या पाड्यांवर पात्याचे काम घरोघरी पूर्वापार आहे. मात्र तिथले हत्यार कोयता. कोयत्याचे काम घावाचे, सुरीचे दाबाचे, त्यामुळे एक येणाऱ्याला दुसरे आपोआप येत नाही.

सुरी घडीची नसावी. पाते चारेक इंचांचे पुरते. त्याचे पोलाद मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेले हवे.

शिकायची सुरुवात बसण्यापासून होते. पाते निसटले तर कुठे जाईल, हे कापण्याआधी पाहायचे. मांडीच्या आतून मोठी रोहिणी जाते आणि तिथला घाव काही मिनिटांत जिवावर बेततो. म्हणून कोपरे गुडघ्यांवर टेकवून पुढे झुकावे आणि पाते गुडघ्यांच्या पलीकडेच चालवावे. हात लांब करून फिरवला तर कुणाला लागेल, इतक्या जवळ कुणी नसावे.

हाताला सर्वांत जास्त शिकवतो तो कीस. गाठ नसलेली सरळ काठी उभी फाडून तिच्या कडेवर पाते जवळजवळ आडवे टेकवतात आणि वरून खाली सरकवतात. मनगट घट्ट, जोर खांद्यातून. पातळ पापुद्रा सुटतो, वळतो, आणि तो काठीला धरून असतानाच पाते थांबवावे लागते. सगळे कसब या थांबण्यात आहे. नवख्याचे पापुद्रे तुटून खाली पडतात. ते जपून ठेवावेत, विस्तव धरायला तेही चालतात. पावसाळ्यात बाहेरून भिजलेले वाळके लाकूड आत बहुधा कोरडे असते. पाते काठीच्या टोकावर ठेवून त्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकले की ती फाटते. बांबू फाडताना मात्र सुरीइतकेच कामट्यांच्या कडांना जपावे, त्या बोट चिरतात.

बोथट सुरीला जोर जास्त लावावा लागतो आणि जोराच्या हाताला आवर राहत नाही. धार लावताना दगड ओला ठेवून दोन्ही बाजूंना साधारण २० अंशांचा कोन राखावा. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते उलटे, म्हणजे धार मागे ठेवून ओढावे. खाडीकाठच्या दमट हवेत साधे पोलाद लवकर गंजते, म्हणून काम झाल्यावर ते पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवावा. चामड्याचे म्यान ओल धरते, त्यात सुरी महिनोन्‌महिने ठेवू नये.

येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शस्त्राच्या व्याख्येत सुरीही आहे. परवानगीवाचून ती उद्यानात नेता येत नाही, झाडाची फांदीही तोडता येत नाही. ठाणेकराने सराव गच्चीवर करावा, बांबूवाल्याकडून आणलेल्या तुकड्यांवर.