फोर्टिफाइड आणि बायोफोर्टिफाइड: लोह दाण्यात शिरतं कुठे?

परवा इथे इंदुरात, रामबागेत काकूंकडे गेलो तर त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. ताटाशेजारी वाटी, वाटीत वेचून काढलेले पिवळसर, जरा बोथट दाणे. "हे बघ, प्लास्टिक. आणि आता म्हणे गव्हातही घालणार, ते बायो का काय." घरच्या ग्रुपवर हेच महिनोन्‌महिने फिरतंय. एकदाच नीट सांगतो.

फोर्टिफाइड तुम्हाला आयोडीनच्या मिठामुळे ठाऊकच आहे: माल तयार झाल्यावर पोषण वरून घालायचं. रेशनच्या तांदळासाठी याची घोषणा २०२१च्या १५ ऑगस्टला झाली. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून दाणे पाडतात आणि साधारण १०० किलो तांदळात असे १ किलो दाणे मिसळतात. काकूंच्या वाटीत होते ते हेच. किलोमागे जेमतेम १० ग्रॅम, पण घातलेलं सगळं पोषण त्यांतच. ते हलके असल्यामुळे पाण्यावर तरंगतात, एवढंच. त्यांना प्लास्टिक म्हणून फेकून देताना पाहिलं की फार वाईट वाटतं.

बायोफोर्टिफाइड गव्हात कुणी काहीही मिसळत नाही. गोंधळ होतो तो इथेच. जास्त लोह आणि जस्त साठवणारं वाण घ्यायचं, भरघोस पिकणाऱ्या वाणाशी त्याचा संकर करायचा आणि पुढच्या कित्येक पिढ्या निवड करत राहायचं. शेवटी जे वाण हाती येतं, त्याचं रोप मातीतून लोह उचलून आपणच दाण्यात भरतं. 'बायो' शब्द पाहून लोक याला सेंद्रिय समजतात. तसं नाही, युरिया टाकूनही हा गहू पिकतो. जीएम, म्हणजे प्रयोगशाळेत जनुकं बदललेलाही नाही, हा साधा संकर आहे. आणि हे काही लांबचं नाही. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं गव्हाचं केंद्र इंदुरातच आहे. पूसा तेजस, म्हणजे एचआय ८७५९, हा कठिया, म्हणजे कडक दाण्याचा ड्युरम गहू तिथलाच. सर्वसाधारण गव्हात किलोमागे २८ ते ३२ मिलिग्रॅम लोह असतं, यात ४०च्या वर. म्हणून प्रत्येक कठिया बायोफोर्टिफाइड असतो असं मात्र धरू नका.

यात पोषण दाण्यादाण्यात असल्याने वेचून फेकता येत नाही, पण चाळून फेकता येतं. लोह आणि जस्त मुख्यतः सालीलगतच्या थरात आणि अंकुरात असतं. गिरणीतून आणलेलं पीठ बारीक चाळणीने चाळलंत की निम्मी मेहनत कोंड्यात गेली. बाफल्यांचं, म्हणजे आपल्या माळवी बाटीचं, जाडं पीठ या बाबतीत फार शहाणं.

शेतकऱ्याच्या दृष्टीने फरक आणखी मोठा. फोर्टिफाइडसाठी दर वर्षी कारखाना आणि मिसळणीचा खर्च आलाच. गव्हाचं बियाणं घरचं राखता येतं, गुण पुढच्या पेऱ्यातही उतरतो. मातीतच जस्त कमी असेल तर दाण्यातही कमी उतरतं, हे खरं. तरी माळव्यासाठी माझा कौल बायोफोर्टिफाइड गव्हालाच.

फक्त बी-१२ कुठलंही रोप तयार करत नाही. शाकाहारी घरात दूध-दही बेताचं असेल तर तिथे फोर्टिफाइडच कामी येतं. त्यामुळे एक आलं की दुसरं नको, हे म्हणणं मला पटत नाही.

खरी अडचण पुरवठ्याची आहे. फोर्टिफाइड पिठाच्या पिशवीवर निळं '+एफ' दिसतं. इंदूरच्या छावनीच्या मंडीत मात्र गव्हाचा भाव चमक आणि ओल बघून ठरतो, लोह कुणाला दिसत नाही. तेजस पिकवणाऱ्याचा माल त्याच ढिगात पडतो, वेगळा दाम मिळत नाही, आणि आपल्या पोळीत नेमका कोणता गहू आला हे कळायला मार्ग उरत नाही. तोवर ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाचा गहू भरणाऱ्यांनी बियाण्याच्या थैलीवरचा वाणाचा नंबर विचारून घ्यावा.