स्यूडोमोनस

माती, गोडे व खारे पाणी, वनस्पतींची मुळे व पाने, तसेच जिथे जिथे ओल टिकून राहते अशा सर्व ठिकाणी आढळणाऱ्या सूक्ष्मजंतूंची एक प्रजाती, म्हणजे अनेक जातींचा गट (कुल : स्यूडोमोनॅडेसी). पेशी दंडाकृती, साधारणपणे ०.५ ते १ मायक्रोमीटर रुंद व १.५ ते ५ मायक्रोमीटर लांब. त्यांच्या टोकाला एक किंवा अधिक कशाभिका (पोहण्यासाठी लागणारे चाबकासारखे तंतू) असतात. हे जंतू ग्रॅम-ऋण (ग्रॅम रंजनात जांभळा रंग टिकवून न धरणारे) असून बीजाणू (प्रतिकूल काळात टिकणारी कठीण कवचाची रूपे) तयार करीत नाहीत. बहुतेक जातींना ऑक्सिजन लागतो. काही जाती त्याच्या अभावी नायट्रेटावर श्वसन चालवितात. सध्या मान्य असलेल्या जाती दोनशेहून अधिक आहेत.

नाव व वर्गीकरण : प्रजातीला हे नाव जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ वाल्टर मिगुला यांनी १८९४ मध्ये दिले. नावाचा खुलासा मात्र त्यांनी केला नाही, आणि त्यामुळे व्युत्पत्तीविषयी दोन मते आहेत. ‘स्यूडो’ म्हणजे खोटा व ‘मोनस’ म्हणजे एकक हे ग्रीक शब्द जोडून ‘खोटे एकक’ असा अर्थ अनेक कोशांत दिलेला आढळतो. पण त्यातून काहीच बोध होत नाही. नॉर्बर्टो पालेरोनी यांनी सुचविलेले स्पष्टीकरण अधिक पटण्यासारखे आहे : ‘मोनस’ हे त्या काळी सुपरिचित असलेल्या एका चिमुकल्या कशाभिकायुक्त एकपेशीय जीवाचे नाव होते. आकाराने व हालचालीने त्यासारखा भासणारा, पण तो नव्हे, असा हा जंतू. म्हणून ‘आभासी मोनस’. मिगुलांच्या त्रोटक वर्णनात काही जाती क्वचित बीजाणू तयार करतात असेही म्हटले आहे. त्यांनी पाहिलेले चकाकते ठिपके बहुधा पेशीत साठविलेल्या अन्नाचे कण असावेत.

व्याख्या इतकी सैल असल्याने पुढील काही दशके टोकाला कशाभिका असलेला जवळजवळ प्रत्येक दंडाकृती जंतू याच नावाखाली जमा होत गेला. १९६६ मध्ये स्टॅनियर, पालेरोनी व डौडोरॉफ यांनी कोणता वाण (एकाच जातीतील उपप्रकार) कोणकोणत्या कार्बनी संयुगांवर वाढतो हे चिकाटीने तपासून पहिली भक्कम मांडणी केली. १९७३ मध्ये रायबोसोमी आरएनएच्या (पेशीत प्रथिने घडविणाऱ्या कणांतील आरएनएच्या) तुलनेवरून या गोतावळ्यात पाच वेगळे गट असल्याचे दिसले. मूळ नाव पहिल्या गटाकडे राहिले. बाकीचे हळूहळू वेगळे झाले. बर्कहोल्डेरिया (१९९२) व राल्स्टोनिया (१९९५) या प्रजाती अशाच निघाल्या. जुने ग्रंथ वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते, कारण मेलिओइडोसिस (माती व पाण्यातून माणसाला होणारा संसर्ग) व घोड्यांचा ग्लँडर्स या रोगांचे, आता बर्कहोल्डेरियात मोडणारे जंतू त्यांत स्यूडोमोनस म्हणूनच भेटतात. ही फाटाफूट अजून थांबलेली नाही : नायट्रेटाचे नायट्रोजन वायूत रूपांतर करण्याच्या अभ्यासात वर्षानुवर्षे नमुना ठरलेली स्टुट्झेरी ही जातही अलीकडे स्टुट्झेरिमोनस या नव्या प्रजातीत गेली आहे.

रंगद्रव्ये : जखमेवरची पट्टी निळी-हिरवी होते हे शल्यवैद्यांना जंतुशास्त्राच्या आधीपासून ठाऊक होते. १८६० च्या सुमारास फोर्दो या फ्रेंच रसायनज्ञाने अशा पट्ट्यांतून निळे रंगद्रव्य वेगळे केले. पायोसायनिन ते हेच. श्रोटर यांनी १८७२ मध्ये जंतूला ‘एरुजिनोझम’ हे विशेषण लावले. त्याचे मूळ लॅटिन ‘एरुगो’ या शब्दात, म्हणजे तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या कळंकात, आहे. शुद्ध संवर्ध मिळविण्याचे श्रेय सामान्यतः कार्ल जेसार (१८८२) यांना दिले जाते. आजचे स्यूडोमोनस एरुजिनोझा हे नाव १९०० पासूनचे असून तीच प्रजातीची प्रारूप जात (प्रजातीचा नमुना मानलेली जात) आहे.

प्रयोगशाळेत हा जंतू ओळखणे सोपे जाते. अगरच्या बशीत रंग वसाहतीपुरता न राहता सभोवतालच्या माध्यमात पसरतो आणि झाकण उचलताच द्राक्षासारखा गोडसर वास येतो. हिरवा द्रव क्लोरोफॉर्मबरोबर हलवून ठेवला की निळा थर तळाशी उतरतो. त्यात सौम्य आम्ल घातल्यास रंग लाल होऊन वरच्या पाण्यात येतो. वर आधी उरलेला पिवळट-हिरवा, जंबुपार प्रकाशात चमकणारा भाग पायोव्हर्डिनचा. लोहाची टंचाई असताना ते लोह ओढून आणण्याचे काम या द्रव्याकडे असते.

आरोग्य : एरुजिनोझा निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. भाजलेली त्वचा, श्वसनयंत्राची नळी, मूत्रनलिका, कर्करोगाच्या उपचाराने खालावलेली प्रतिकारशक्ती किंवा सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगातील फुप्फुसे मिळाली, की मात्र तो घातक ठरतो. कॉन्टॅक्ट लेन्सवरून डोळ्यात शिरला तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा एक-दोन दिवसांत नष्ट होऊ शकतो. तो ऊर्ध्वपातित पाण्यात वाढतो, काही जंतुनाशक द्रावणांतही टिकतो. पेशीच्या बाह्यपटलातून औषध आत शिरणे मुळातच कठीण, आणि शिरलेले औषध प्रथिनांचे पंप बाहेर फेकतात. शिवाय जंतूंनीच तयार केलेल्या चिकट थराखाली, म्हणजे जैवपटलाखाली, पेशींना आसरा मिळतो. कार्बापेनेम या प्रभावी प्रतिजैविकांना दाद न देणारे वाण जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या यादीत सर्वोच्च गटात आणि २०२४ च्या यादीत त्याखालच्या गटात ठेवले. गट उतरला तरी रुग्णशय्येजवळचा धोका उतरला असे मानू नये.

याच प्रजातीने औषधही दिले आहे. त्वचेवरील व नाकातील स्टॅफिलोकॉकस या जंतूविरुद्ध वापरले जाणारे म्युपिरोसिन हे प्रतिजैविक फ्लुओरेसेन्स जातीपासून मिळते.

पर्यावरण व शेती : पुटिडा व तिच्या जवळच्या जाती टोल्युइन, नॅप्थॅलीन यांसारखी संयुगे अन्न म्हणून वापरतात. त्यासाठी लागणारी जनुके अनेकदा प्लाझ्मिडांवर (गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या कड्यांवर) असल्याने ती एका पेशीतून दुसरीत जातात. याच स्वाभाविक क्रियेचा उपयोग करून भारतात जन्मलेले आनंद मोहन चक्रवर्ती यांनी खनिज तेलातील अनेक घटक पचविणारा वाण तयार केला. तो जनुकीय पुनःसंयोजनाने घडविला असे बरेचदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. सजीवावर पेटंट देता येते, हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १६ जून १९८० चा ५ विरुद्ध ४ असा निकाल याच वाणासंबंधी होता.

एकाच शेतात सतत गहू घेतला तर मुळांचा ‘टेक-ऑल’ हा बुरशीजन्य रोग आधी वाढतो आणि काही वर्षांनी आपोआप ओसरतो. मुळांभोवती वाढणारे फ्लुओरेसेन्स गटातील जंतू बुरशीनाशक द्रव्य स्रवतात, हे त्याचे एक प्रमुख कारण समजले जाते. उलट सिरिंजी ही जात पिकांवर रोग आणते. तिच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनामुळे पानांवरचे, एरवी याहून अधिक थंडीतही द्रव राहू शकणारे पाणी उणे २° से.च्या आसपासच गोठते व पानांना हिमबाधा होते. हे प्रथिन नसलेल्या वाणाची उघड्या शेतातील चाचणी १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात झाली. ढगांतही ही जात सापडते. पाऊस पाडण्यात तिचा वाटा किती, याविषयी मतभेद आहेत.

उद्योग : सिरिंजीच्या मृत पेशी कृत्रिम बर्फ तयार करण्यासाठी वापरतात. एरुजिनोझापासून ऱ्हॅम्नोलिपिडे ही पृष्ठक्रियाशील द्रव्ये मिळतात. जपानमध्ये अॅक्रिलअमाइडाच्या उत्पादनात काही काळ क्लोरोरॅफिस जातीचे एंझाइम वापरात होते. दुग्धव्यवसायाला मात्र फ्लुओरेसेन्स नकोशी आहे. ती ४° से. तापमानातही वाढते. दूध तापविल्यावर जंतू मरतात, पण त्यांनी आधीच स्रवलेली प्रथिनभंजक एंझाइमे शाबूत राहतात, आणि अतिउच्च तापमानावर प्रक्रिया करून बंद केलेले दूध काही आठवड्यांनी कडवट होते किंवा जेलीसारखे आळते.