पारा, लिफ्ट आणि ‘दिवा घ्या’

गमतीने लिहिलेलं समोरच्याने खरं मानलं आणि महाभारत झालं, हे दुखणं व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचं आहे. त्यावरच्या सर्वांत गाजलेल्या औषधाची तर तारीखवेळही नोंदलेली आहे : १९ सप्टेंबर १९८२, सकाळी ११ वाजून ४४ मिनिटं.

अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राची मंडळी संगणकावरच्या चर्चाफलकावर गप्पा छाटत असत. तिथे एक कोडं निघालं. लिफ्टच्या भिंतीला पेटती मेणबत्ती लावली आहे, खाली पाऱ्याचा एक थेंब पडला आहे. दोर तुटून लिफ्ट कोसळू लागली, तर मेणबत्तीचं काय होईल आणि पाऱ्याचं काय? उत्तरांच्या भरात एकाने सरकारी नोटिशीच्या थाटात लिहिलं, की नुकत्याच झालेल्या प्रयोगामुळे अगदी डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा पसरला आहे, आगीनेही थोडं नुकसान झालं आहे, शुक्रवारी सकाळी आठपर्यंत साफसफाई होईल. ज्यांनी आधीचं कोडं वाचलंच नव्हतं, त्यांतल्या काहींना ही नोटीस खरी वाटली.

मग विनोदाला खूण कोणती लावायची यावर खल. कोणी तारा सुचवला, कोणी टक्क्याचं चिन्ह. स्कॉट फालमन या प्राध्यापकाने सुचवलं : विसर्गासारखी दोन टिंबं, आडवी रेघ, कंस. मान तिरकी करून वाचा, म्हणजे हसरा चेहरा दिसेल. त्याच संदेशात पुढे त्याने असंही लिहिलं होतं, की एकंदर रागरंग पाहता विनोद *नसलेल्या* मजकुरालाच खूण करणं स्वस्त पडेल. त्यासाठी उलटा कंस वापरा. ही दुसरी ओळ कोणी फारशी सांगत नाही. मला मात्र तीच जास्त शहाणी वाटते. मूळ संदेश पुढे हरवला आणि २००२ मध्ये जुन्या बॅकअप टेपा उकरून परत मिळवावा लागला.

खूण लागते, कारण लिहिणाऱ्याला आपल्या वाक्यातला सूर ऐकू येत असतो. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ईमेल लिहिणाऱ्यांचा अंदाज होता, की आपला उपरोध सुमारे ७८ टक्के वेळा ओळखला जाईल. प्रत्यक्षात ओळखला गेला ५६ टक्के. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा थोडं बरं, इतकंच.

मराठीत तर सुराआधी शब्दच अडायचा. रोमन लिपीत लिहायच्या दिवसांत ‘पण’ आणि ‘पान’ एकाच अक्षरांत यायचे, ‘मला’ आणि ‘माळा’सुद्धा. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोली या मराठी संकेतस्थळावर मग स्वतःची खूण रुजली : ‘दिवा घ्या’. ‘लाइटली घ्या’मधल्या ‘लाइट’चं हे मुद्दाम केलेलं धेडगुजरी भाषांतर. फालमनच्या कंसापेक्षा मला हे कधीही सरस वाटतं, कारण इथे खूणच विनोद करते. त्याच्या जोडीला ‘ह. घ्या.’, म्हणजे हलके घ्या.

औषध अंगावर उलटलं तेही इथेच. आधी चार ओळी मनसोक्त टोचायचं, शेवटी ‘ह. घ्या.’ चिकटवायचं, समोरचा चिडला की त्यालाच विनोद कळत नाही. पुढे पुढे ‘ह. घ्या.’ दिसलं की लोक आधी सावरून बसायचे.

जोडलेल्या हातांचं चित्र २०१०च्या युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाण यादीत आलं. ही चित्रं, म्हणजे इमोजी, मुळात जपानी मोबाइलवरची. तिकडे हे हात विनंतीला, आभाराला किंवा माफी मागायला. आपल्याकडे ते नमस्कार झाले, श्रद्धांजली झाले, आणि ‘बाई गं, पुरे कर आता’देखील झाले. घरच्या ग्रुपवर लग्नाच्या हॉलवरून वाद चाललेला असताना आत्याने नुसते दोन हात जोडून पाठवले, की त्याचा अर्थ लावायला दुसरा ग्रुप उघडावा लागतो.